मोजणीत कोण आले, कोण राहिले

अभ्यासपाठ
वाचनासाठी : गणना 26:52–56 आणि 27:1–11



आमच्या कामाच्या भागात गावाबाहेर गायरानावर पारध्यांची एक वस्ती आहे. एका जानेवारीत मी तिथे गेलो, तेव्हा निम्म्याहून जास्त पालांना कुलपे होती. माणसे ऊसतोडीला गेलेली. मागे राहिल्या होत्या दोन म्हाताऱ्या, एक आजारी माणूस आणि शाळेत जाणारी सहा-सात पोरे. वस्तीच्या कडेने ज्वारीत पांढऱ्या रंगाच्या खुंट्या ठोकलेल्या दिसल्या. एका आजीने मला विचारले, "भाऊ, ह्या खुंट्यांच्या आत आमचं काय ऱ्हातंय आन् काय जातंय?"

मला उत्तर देता आले नाही. आणि त्याहून लाजेची गोष्ट अशी की, त्या रस्त्याची नोटीस मी पंधरा दिवसांपूर्वी गावातल्या फळ्यावर पाहिली होती. गट नंबरांची लांबलचक यादी पाहून, 'हे बागायतदारांचे काम, आपले नाही,' असे मनात म्हणून मी पुढे गेलो होतो. होळीनंतर टोळ्या परत आल्या, तोवर हरकतीची मुदत संपून गेली होती.

कोणताही मोठा प्रकल्प येतो तेव्हा त्याने जमिनीचे काय होईल, वाहतुकीचे काय होईल, याची तपासणी व्हावी असे कायदा सांगतो. ती तपासणी कशी होते, तिच्यात गावाचा वाटा किती, आणि आदिवासी कुटुंबे तिच्यातून कशी निसटतात, हे या अंकात समजून घेऊ. मी तेव्हा वाचली नाही ती नोटीस पुढच्या वेळी आपल्यापैकी कोणीतरी वाचावी, एवढ्यासाठी हा पाठ.

विकास नको, असे आपण म्हणत नाही

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. अहिल्यानगर–बीड–परळी हा 261 किलोमीटरचा रेल्वेमार्ग 1995 साली मंजूर झाला आणि बीडला गाडी यायला 17 सप्टेंबर 2025 हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन उजाडावा लागला. तीस वर्षे वाट पाहिलेल्या जिल्ह्याला रस्ता आणि रेल्वे यांची किंमत कोणी शिकवायला नको. आजारी माणसाला अंबाजोगाईच्या रुग्णालयात वेळेवर नेता येणे हीही एक कृपाच आहे.

आता नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाची चर्चा आहे. मूळ आराखड्यात हा सुमारे 802 किलोमीटरचा मार्ग 12 जिल्ह्यांतून जातो आणि त्यात आपल्या परळी व अंबाजोगाईचा समावेश आहे. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याच्या भूसंपादनासाठी आणि नियोजनासाठी 20,787 कोटी रुपयांना मान्यता दिली. कोणी त्याच्या बाजूने असेल, कोणी विरुद्ध. ते मत ज्याचे त्याने ठरवावे. पण मत बनवण्याआधी प्रश्न विचारावे लागतात, आणि प्रश्न कुठे, कधी विचारायचे हे माहीत असावे लागते.

प्रश्न विचारण्याची तीन दारे

पहिले दार ग्रामसभेचे. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात; 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा आपल्या परिचयाच्या आहेत. अनुसूचित क्षेत्रात 1996 च्या पेसा कायद्यानुसार जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत करावीच लागते. आपला बीड जिल्हा मात्र अनुसूचित क्षेत्रात नाही. मराठवाड्यात ते फक्त नांदेड जिल्ह्याच्या काही भागात आहे. म्हणून आपल्याकडच्या पारधी आणि भिल्ल कुटुंबांना जमातीचा दाखला असला तरी पेसाचे छत्र नाही. पण ग्रामसभेचा ठराव घेण्यापासून आपल्याला कोणी अडवलेले नाही.

दुसरे दार 2013 च्या भूसंपादन कायद्याचे. त्यात 'सामाजिक परिणाम निर्धारण' सांगितले आहे. किती कुटुंबे बाधित होतील, मागितलेली जमीन खरोखर कमीत कमी आहे का, दुसरी जागा पाहिली होती का, हे तपासायचे. रस्ते, सार्वजनिक वाहतूक, सांडपाणी, पिण्याचे पाणी, गुरांचे पाणी, चराऊ जमीन, रेशन दुकान, दवाखाना, शाळा, अंगणवाडी, प्रार्थनास्थळे, दफनभूमी आणि स्मशान यांवर काय परिणाम होईल, तेही पाहायचे. त्यावर बाधित भागात जनसुनावणी घ्यायची. नंतर तज्ज्ञ गट तो अहवाल तपासतो आणि त्या गटात ग्रामपंचायतीचे किंवा ग्रामसभेचे दोन प्रतिनिधी असतात. प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीसाठी 60 दिवस मिळतात.

हे वाचून आनंद वाटतो, पण इथे एक खाच आहे. राष्ट्रीय महामार्ग आणि रेल्वे यांच्यासाठी जमीन बहुधा त्यांच्या स्वतःच्या कायद्याने घेतली जाते आणि तिथे हे परिणाम निर्धारण बंधनकारक नाही. महामार्गाच्या कायद्यात हरकतीला 21 दिवस, रेल्वेच्या कायद्यात 30 दिवस. 2015 पासून 2013 च्या कायद्यातील मोबदला व पुनर्वसनाच्या तरतुदी या केंद्रीय कायद्यांनाही लागू झाल्या, हे चांगले झाले. पण मोबदला हा नंतरचा विषय आहे. 'हा रस्ता वस्तीच्या डावीकडून गेला तर?' हा प्रश्न त्या 21 दिवसांतच विचारावा लागतो.

तिसरे दार पर्यावरणाच्या जनसुनावणीचे. 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेत येणाऱ्या प्रकल्पांसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेले, अपर जिल्हाधिकारी दर्जाहून कमी नसलेले अधिकारी असतात. किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. तो जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत आणि ग्रामपंचायतीत पाहता येतो. सुनावणी संपताना कार्यवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचे असते. ते नीट ऐका. आपण मांडलेला मुद्दा त्यात आला नसेल, तर तिथेच उभे राहून सांगा.

डहाणूकडून शिकण्यासारखे

अशा तपासणीचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण पालघर जिल्ह्यातील डहाणूचे आहे. वारली आदिवासींचा हा तालुका. 20 जून 1991 रोजी केंद्र सरकारने तो पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले आणि निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. एका तालुक्यासाठी अशी स्वतंत्र तपासणी यंत्रणा असणे ही आपल्या देशात विरळा गोष्ट आहे.

वाढवण येथे मोठे बंदर बांधण्याचा प्रस्ताव एका परदेशी कंपनीने आणला, तेव्हा या प्राधिकरणाने सप्टेंबर 1998 मध्ये, असे बंदर 1991 च्या अधिसूचनेत बसत नाही, असा निर्णय दिला. काम थांबले.

पुढे तोच प्रस्ताव नव्या रूपात आला. फेब्रुवारी 2020 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला तत्त्वतः मान्यता दिली. त्याच वर्षी बंदरांचे वर्गीकरणही केंद्र स्तरावर बदलले. 31 जुलै 2023 रोजी त्याच प्राधिकरणाने अटी घालून परवानगी दिली. 19 जानेवारी 2024 रोजी जनसुनावणी झाली, फेब्रुवारीत पर्यावरण मंजुरी आली, एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्या आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी 76,220 कोटींच्या या प्रकल्पाची पायाभरणी झाली. मच्छीमार, शेतकरी, दागिन्यांचे साचे बनवणारे कारागीर आणि आदिवासी यांचा विरोध त्यानंतरही सुरू राहिला.

एकाच प्राधिकरणाने एकाच गावाबद्दल एकदा 'नाही' म्हटले आणि एकदा 'हो'. याचा अर्थ तपासणी निरुपयोगी आहे असा कोणी लावेल. मला तसे वाटत नाही. तपासणी म्हणजे नकाराची हमी नव्हे, आणि एकदा मिळालेला नकार कायमचा नसतो, एवढेच यातून शिकायचे. गावाला आपली माहिती दर पिढीत ताजी ठेवावी लागते. 1998 ची फाईल 2023 मध्ये आपल्या वतीने बोलत नाही.

दुसरा धडा वाहतुकीचा आहे. हे बंदर बहुतांश समुद्रात भराव घालून, सुमारे 1,448 हेक्टरवर उभे राहायचे आहे. वरवर वाटते, समुद्रात बंदर, मग डोंगरातल्या वारल्याचे काय जाते? पण बंदरात उतरलेला माल बाहेर न्यावा लागतो. त्यासाठी मुंबई–अहमदाबाद महामार्गापर्यंत सुमारे 32 किलोमीटरचा रस्ता आणि सुमारे 12 किलोमीटरचा रेल्वेजोड आराखड्यात आहे. तो रस्ता जमिनीवरूनच जाणार. म्हणून प्रकल्प कुठे आहे एवढेच विचारून थांबू नये. त्याचे ट्रक कुठून जाणार, हेही विचारावे. ज्याच्या दारात कारखाना नाही, त्याच्या दारात कारखान्याचा रस्ता असू शकतो.

ग्रामसभेचा शब्द किती दूर जाऊ शकतो, याचे उदाहरण ओडिशात आहे. नियमगिरी डोंगरातील बॉक्साइट खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2013 रोजी प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितले. डोंगरिया कोंध आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या 12 गावांत सभा झाल्या आणि बाराही गावांनी नकार दिला. 2014 च्या जानेवारीत केंद्राने खाणीला मंजुरी नाकारली. तिथे वनहक्क कायद्याचा आधार होता, आपल्याकडे प्रत्येक ठिकाणी तो नसेल. पण बारा सभांना माणसे हजर होती, ही गोष्ट आपण विसरू नये.

वाहतूक कशी मोजतात

रस्त्याचा आराखडा करताना आधी गाड्या मोजतात. सात दिवस, चोवीस तास माणसे बसवून मोजणी करण्याची जुनी पद्धत आहे. मग वेगवेगळ्या वाहनांना एका मापात आणतात. ग्रामीण रस्त्यांसाठीच्या 1990 च्या मार्गदर्शिकेत मोटारीला 1 धरले, तर मोटारसायकलला अर्धा, ट्रक किंवा बसला 3, ट्रक-ट्रेलरला साडेचार आणि बैलगाडीला 8 असे वजन दिले आहे. बैलगाडी हळू चालते, रस्ता अडवते, म्हणून तिचा आकडा मोठा.

आता बीडच्या माणसाने विचार करावा. ही मोजणी जूनमध्ये केली तर काय दिसेल? रिकामा रस्ता. तीच गाळप हंगामात, जानेवारीत, कारखान्याच्या रस्त्यावर केली तर? उसाने भरलेल्या बैलगाड्यांची आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग. म्हणून पहिला प्रश्न : मोजणी कोणत्या महिन्यात केली?

दुसरा प्रश्न मला अधिक बोचतो. त्या वजनांच्या यादीत पायी चालणाऱ्या माणसाला आकडाच नाही. पादचाऱ्यांची पाहणी वेगळी करावी लागते आणि ती कुठे करायची हे कोणीतरी सांगावे लागते. पाण्याचा हंडा घेऊन रस्ता ओलांडणारी बाई, शाळेत जाणारी पोरे, शेरडे घेऊन पलीकडच्या माळावर जाणारा म्हातारा हे कोणत्या ठिकाणी रस्ता ओलांडतात, हे यंत्राला कळत नाही. गावाला कळते. भुयारी मार्ग हवा की पूल, आणि तो नेमका कुठे हवा, हे आराखडा पक्का होण्याआधी लेखी मागितले तर मिळण्याची आशा असते. रस्ता झाल्यावर मागितले तर बहुधा आधी अपघात व्हावा लागतो.

जमीन कशी मोजतात

जमिनीचे मोजमाप सातबाऱ्यावरून सुरू होते. ज्याचे नाव सातबाऱ्यावर, त्याला नोटीस. आपली पुष्कळ कुटुंबे गायरान कसतात. बीड जिल्ह्यात गायरानाच्या हक्कासाठी मोठा लढा झाला; तेलगावचे एकनाथ आवाड यांचे नाव त्यात प्रत्येकाला माहीत आहे. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांनी 14 एप्रिल 1990 पर्यंत गायरानावर केलेली वहिवाट नियमित करण्याची वाट दिली. तरीही अनेकांचे नाव अजून सातबाऱ्यावर चढलेले नाही. जमीन सरकारी दिसते, म्हणून नोटीस सरकारी खात्यालाच जाते. कसणारा खुंटी पाहून शहाणा होतो.

पण 2013 च्या कायद्यात 'बाधित कुटुंब' म्हणजे फक्त जमीनमालक नव्हे. संपादनाच्या तीन वर्षे आधीपासून त्या भागात शेतमजूर, कूळ, वाटेकरी किंवा कारागीर म्हणून काम करून पोट भरणारे, आणि ज्यांचे जगणे त्या संपादनाने बाधित होते, असे भूमिहीन कुटुंबही त्यात येते. हे सिद्ध करायला कागद लागतो. तलाठ्याकडे गाव नमुना एक-ई मध्ये अतिक्रमणाची नोंद असते. जुन्या दंडाच्या पावत्या असतात. रेशन कार्ड, मतदार यादी, मुलांच्या शाळेचा दाखला असतो. ज्या पावतीला आपण दंड म्हणून रडलो, तीच पुढे आपण तिथे होतो याचा पुरावा ठरू शकते. म्हणून कागद फेकू नका. पालाला आग लागते, पावसात कागद भिजतात. तर त्यांच्या प्रती चर्चच्या कपाटात ठेवा.

मोजणीनंतर उभ्या राहिलेल्या पाच बहिणी

पवित्र शास्त्रातील चौथ्या पुस्तकाचे नावच 'गणना' आहे. सव्विसाव्या अध्यायात इस्राएल लोकांची मोजणी होते आणि त्या मोजणीवरून वतनाची जमीन वाटायची असे ठरते. लगेच पुढच्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली येतात : महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बाप वारलेला, भाऊ नाही. मोजणीच्या नियमाने त्यांच्या घराला जमीन मिळणार नव्हती.

त्या कुठे गेल्या ते पाहा. दर्शनमंडपाच्या दाराशी, मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सगळी मंडळी यांच्यासमोर. म्हणजे भर सभेत. आरडाओरडा न करता त्यांनी आपल्या बापाची हकिकत सांगितली आणि वतन मागितले. मोशेने 'यादी बंद झाली' असे म्हटले नाही. त्याने प्रश्न परमेश्वरापुढे नेला. उत्तर मुलींच्या बाजूने आले आणि पुढच्या सगळ्यांसाठी नियमच बदलला.

मला त्यात दोन गोष्टी दिसतात. मोजणी चुकू शकते, अगदी मोशेच्या काळची सुद्धा. आणि चूक दुरुस्त होण्यासाठी दोघांची गरज असते : उभे राहून बोलणाऱ्याची, आणि यादी बाजूला ठेवून ऐकणाऱ्याची. आपली वस्ती पहिली भूमिका करू शकते. दुसरी भूमिका ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, आणि त्यांना नीट अर्जही द्यावा.

मंडळीने करावयाचे काम

1. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आधी, वस्तीची यादी करा. मुकादमाची उचल घेऊन कोयते बाहेर पडण्याआधी हे झाले पाहिजे. प्रत्येक कुटुंबाची माणसे, कसत असलेली जमीन, गट नंबर, पाण्याची जागा, दफनाची जागा लिहा.

2. गावात राहणाऱ्या दोन जणांना नोटीस वाचण्याची जबाबदारी द्या. दर सोमवारी ग्रामपंचायतीचा फळा पाहायचा आणि नोटिशीचा फोटो काढून कारखान्याच्या तळावर असलेल्या नातेवाइकांना फोनवर पाठवायचा. 21 दिवस म्हणजे तीनच सोमवार, हे लक्षात असू द्या.

3. ज्यांना येता येणार नाही त्यांच्या हरकती लेखी द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय परतू नका.

4. परिणाम निर्धारण बंधनकारक नसेल तिथे, वर दिलेली 2013 च्या कायद्यातील यादी घेऊन गावाने आपली पाहणी स्वतः करावी आणि ग्रामसभेत ठराव करून ती जोडावी. सरपंच आणि ग्रामसेवक यांना आधी भेटा. भांडणाने सुरुवात करू नका.

5. शहरातील मंडळीतले निवृत्त तलाठी, शिक्षक, अभियंते, वकील यांनी वर्षातून दोन दिवस द्यावेत. नकाशा वाचून दाखवणे ही सुद्धा सेवा आहे.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या गावात किंवा वॉर्डात सध्या कोणता प्रकल्प प्रस्तावित आहे? त्याची नोटीस आपल्यापैकी कोणी वाचली आहे?
2. त्या प्रकल्पाचे ट्रक कोणत्या रस्त्याने जातील? त्या रस्त्यावर शाळा, पाणवठा, वस्ती काय आहे?
3. आपल्या मंडळीच्या दफनभूमीची नोंद कोणाच्या नावावर आहे? कागद कुठे आहे?
4. सलाफहादाच्या मुलींना सभेपर्यंत जाण्यापासून कोणी अडवले नाही. आज आपल्या वस्तीतील बायकांना काय अडवते?
5. 'हे आपले काम नाही' म्हणून आपण कोणत्या फळ्यापुढून निघून गेलो?

त्या आजीची पाल अजून उभी आहे. खुंट्यांपासून वीस पावलांवर. गेल्या दसऱ्याला वस्तीची पहिली यादी झाली. आजीला लिहिता येत नाही, तिने अंगठा दिला आणि विचारले, "आता आमी मोजणीत आलो का?" मी म्हटले, "आजी, आपल्या कागदात आलो. त्यांच्या कागदात यायचं बाकी आहे." तिने ती प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पालाच्या बांबूला बांधली. दुसरी प्रत आमच्या कपाटात आहे.